रत्ना लोहकरेची पडकई

आमच्या विद्यापीठाच्या पदवीला आता दर वर्षाअखेर बाहेर पडायचं दार आहे. पहिलं वर्ष करून बाहेर पडलं की प्रमाणपत्र, दुसरं करून पडलं की पदविका, तिसऱ्यानंतर कसलीशी व्यावसायिक पदवी, आणि चारही वर्षं तग धरला तर अभियांत्रिकीची खरी पदवी. प्रत्येक विषयाचे क्रेडिट ठरलेले असतात. पास झालं की ते एका ऑनलाइन बँकेत पोरांच्या नावावर पडतात, आणि मध्येच शिक्षण सोडलं तरी काही वर्षांच्या आत परत येऊन पुढचं वर्ष धरता येतं. याला लवचिकता म्हणतात. मी नाशिक रस्त्याच्या कडेच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो, म्हणून ही लवचिकता दरसाल नव्या पोरांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडतं. कायम नोकरीवाल्यांना त्या दिवशी नेमकी कुठलीतरी मीटिंग असते.

मी आळे गावचा, बोलायला जरा तिखट. दारं सगळ्यांना सारखीच आहेत हे मी सांगतो, पण मधल्या दारानं बाहेर पडतं कोण, तेही इतकी वर्षं बघत आलोय. बागायतदाराच्या पोराचे विषय राहोत, वर्ष जावो, तो ठाण मांडून बसतो आणि शेवटी पदवी घेऊनच जातो. मधली दारं ज्यांच्या नशिबी येतात त्यांचे पत्ते बहुतेक डोंगराकडचे असतात.

तर अशाच एका स्वागताच्या दिवशी माझं सांगून झालं आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. बुटकी, काटक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. म्हणाली, "सर, ही दारं बंद करून घेता येत्यात का? मला चारी वर्सं करायचीत."

वर्ग हसला, मीही हसलो. ही रत्ना. भीमाशंकराच्या वाटेवरच्या तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या हौशीराम लोहकऱ्यांची थोरली लेक. घरी भात आणि नाचणीची उताराची शेती. शाळेसाठी ती लहानपणापासून आश्रमशाळेत राहिलेली, बारावीला विज्ञान घेऊन चांगल्या गुणांनी पास झालेली. स्थापत्य शाखा तिनं स्वतः निवडली होती. आता ती आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची आणि तिथून एसटीनं कॉलेजात यायची.

पुढं ती माझ्याच वर्गात होती म्हणून सांगतो, पोरीचा हात सोन्याचा होता. वर्कशॉपमध्ये, सर्वेक्षणाला, मॉडेल करायला तिला काही सांगावं लागत नसे. ऊन असो की वारा, दुर्बिणीच्या तिवईपाशी ही उभी, आणि बाकीची पोरं झाडाखाली रील बघत बसलेली. मात्र इंग्रजीत लिहायचं म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. समजलेलं असायचं सगळं, पण कागदावर आणायचं म्हणजे एका पानाला संध्याकाळ जायची, आणि त्यातही अर्धं खोडलेलं.

आमच्याकडं तर लिहिण्याला अंत नाही. शंभर गुणांचा विषय. त्यातले साठ शेवटच्या लेखी परीक्षेचे, वीस मधल्या चाचणीचे आणि वीस सतत मूल्यमापनाचे. सतत मूल्यमापन म्हणजे पोरांनी सतत गृहपाठ लिहायचे आणि आम्ही सतत तपासल्यासारखं करायचं. प्रात्यक्षिकं आणि प्रकल्प यांचे गुण वेगळे. प्रकल्प चौघांच्या गटानं करायचा, आणि त्याच्या गुणतक्त्यात 'संघभावना' असाही एक रकाना असतो. तो आम्ही डोळे मिटून पूर्ण भरतो.

दुसऱ्या वर्षाला रत्नाच्या गटात आमच्या आळ्याचा सुदर्शन होता आणि त्याचे दोन मित्र. सुदर्शनचा बाप मला ओळखतो, टोमॅटो-कांद्याचा मोठा बागायतदार. पोरगा हुशार. इंग्रजी झरझर लिहायचा, पण हाताला माती लागलेली त्याला खपायची नाही. त्या चौघांचं पहिल्या महिन्यातच जुळलं. रत्नानं त्यांना सांगितलं, आपण पडकई करू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भीमाशंकराच्या बाजूला डोंगरउतारावर भाताची खाचरं करायची तर एका घराच्या हातून होत नाही. मग सुगी उरकली की काही घरं एकत्र येतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पहार, टिकाव घेऊन सगळ्यांनी जायचं, दगड काढायचे, बांध रचायचा, माती सपाट करायची. ज्याचं रान त्यानं त्या दिवशी जेवू घालायचं. कुणाला बांध रचता येतो, कुणाला नुसती माती ओढता येते. ज्याला जे जमतं ते त्यानं करायचं. हजेरी कुणी मांडत नाही, पण दिलेला दिवस कुणी विसरतही नाही. एखाद्या घरानं दुसऱ्याचा दिवस बुडवला, तर पुढं त्याच्या बांधावर कुणी पाऊल टाकत नाही. त्या माणसाला मग जत्रेतही लोक बाजूला ठेवतात.

रत्नाच्या डोक्यात काम म्हणजे हे. तेव्हा वाटणी अशी झाली: मॉडेल, नकाशांच्या शीटा, सर्वेक्षणाची मापं चौघांचीही रत्नानं करायची, आणि रत्नाचे गृहपाठ तिघांनी लिहायचे. प्रत्यक्षात तिच्या पानांवर सुदर्शनच लिहायचा, ती फक्त वर नाव टाकायची. लपवाछपवी तिला सुचलीही नाही. सुदर्शननं व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला त्याचं नावसुद्धा 'पडकई' ठेवलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त त्यांचं धरणाच्या सांडव्याचं मॉडेल पाहिलं आणि खूश झालो.

चौथ्या सत्राच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका नव्या मॅडमनी खरोखरच गृहपाठ तपासले. आमच्याकडं हे क्वचित घडतं. त्यांना दोन नावांखाली एकच अक्षर दिसलं. एका विषयात दिसलं म्हणून त्यांनी दुसरे काढून पाहिले, तिथंही तेच. प्रकरण गैरप्रकार समितीकडं गेलं.

समितीत बाहेरच्या कॉलेजचे एक अध्यक्ष आणि आमचे दोन ज्येष्ठ प्राध्यापक होते. प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून मलाही बोलावलं होतं. रत्ना आली ती नेहमीच्या चालीनं, पायात तीच झिजलेली चप्पल, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

अध्यक्षांनी पानं पुढं सरकवली. "हे अक्षर कुणाचं?"

"सुदर्शनचं."

"आणि वर नाव तुझं?"

"हा. माझ्या वाटणीचं त्यानं लिवलं. त्यांच्या वाटणीचं मी केलं. मॉडेल, शीटा, सर्वेचं रीडिंग, समदं. आमची पडकई हाय सर."

माणूस आपल्या गावाचं नाव सांगतो तसं तिनं ते सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी पडकई म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे संगनमत."

मग तिघांना आत घेतलं. सुदर्शनच्या बापानं पोराला आधीच पढवून पाठवलं असावं. तो म्हणाला, "सर, तिनं माझी कच्ची पानं बघायला म्हणून मागितली. मी विश्वासानं दिली. तिनं नाव टाकून जमा केली, ते मला आत्ता कळतंय." मॉडेलचं विचारल्यावर म्हणाला, "ते आम्ही तिघांनीच केलं. ती असायची अधूनमधून." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या.

मी तिच्याकडं बघत होतो. तिला राग आला नाही. तिला ते समजलंच नाही. ती सुदर्शनला हळूच म्हणाली, "आरं, असं काय बोलतो? तू लिवलं न्हाईस व्हय?" त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

मी उठून सांगितलं की मॉडेल या पोरीचं आहे, त्या तिघांना सिमेंट कालवायलाही येत नाही. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही तिला करताना पाहिलंत का? पाहिलं नव्हतं. ती काम वसतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायची. मग एका ज्येष्ठांनी गोड आवाजात विचारलं, "तुमची नेमणूक जूनमध्ये नव्यानं व्हायची असते ना?" तरी मी माझं म्हणणं लेखी दिलं. त्याचा उपयोग शून्य झाला. लिहिलेल्या पानावर माणसाचं अक्षर राहतं, रचलेल्या दगडावर कुणाचं अक्षर राहत नाही. पुरावा होता तो तिच्या एकटीच्या विरुद्ध, आणि वर तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं.

निकाल आला. तिचं चौथं सत्र पूर्ण रद्द, आणि पुढच्या परीक्षेला बसायची बंदी. मॉडेलवरून तिचं नाव काढलं गेलं. तिघांना मात्र त्याच मॉडेलचे उत्तम गुण मिळाले, संघभावनेसकट.

वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाते आणि शिष्यवृत्तीही थांबते. एका घावात तिचं राहणं, जेवणं, शिकणं सगळं तुटलं. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, तिला बाहेर पडायचा पर्याय नीट समजावून सांगा, विद्यापीठानं एवढी लवचिक व्यवस्था केली आहे ती कशासाठी? मला संताप आला, पण समजावून सांगायचं माझ्याच नशिबी होतं.

ती समोर बसली. तिनं विचारलं, "सर, दुसऱ्या दारानं तरी सोडतील का?"

मी सांगितलं, नाही. पदविकेला दोन्ही वर्षांचे क्रेडिट लागतात आणि चौथं सत्र रद्द झालंय. तिसऱ्या सत्राचे क्रेडिट बँकेत तसेच पडून राहणार. मिळणार ते पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र. दोन वर्षं एसटीचे धक्के खाऊन पोरीच्या हातात पहिल्या दाराचा कागद आला. तिनं तो पिशवीत घातला आणि मला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तिचा काही ठावठिकाणा नव्हता. यंदा विद्यापीठाचं परिपत्रक आलं: मधून बाहेर पडलेल्यांना परत प्रवेश घेण्याची संधी, जुने क्रेडिट ग्राह्य. यादीत मी सगळ्यात आधी तिचं नाव बघितलं. होतं. तिची मुदत याच वर्षी संपत होती. वसतिगृहाचं काय करता येईल तेही मी आधी पक्कं केलं. मंचरला माझी बहीण एकटी राहते. ती म्हणाली, येऊ दे पोरीला माझ्याकडं, मलाही सोबत होईल. रत्नाचा फोन लागत नव्हता, वरच्या वाडीला रेंज नाही. मी मोटारसायकल काढली आणि सरळ तळेघर गाठलं. पुढं वाडीपर्यंत चालत.

चैत्राचं ऊन होतं. घरापुढच्या पडवीत तिची आई, अंबाबाई, हिरडा वाळत घालत होती. तिनं काळा चहा ठेवला. रत्ना पलीकडं उकिडवी बसून एका लाकडी पाटावर बारके दगड रचत होती. मला बघून गडबडीनं उठली, हाताचं सिमेंट झटकलं. चेहरा रापला होता, पण हसली ती तशीच.

मी सगळं सांगितलं. परत येता येईल, दुसऱ्या वर्षात बसायचं, तिसऱ्या सत्राचे क्रेडिट शाबूत आहेत, राहायची सोय झालीय. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. "मला यायचंय सर," ती म्हणाली. "लई यायचंय. मी रोज म्हणते आईला."

"मग इथं सही कर. मी उद्याच देतो. मुदत या आठवड्याची आहे."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि हमीपत्र वाचायला घेतलं. कारवाई झालेल्यांसाठी ते वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं की मी सध्या दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याचं काम करून देत नाही आणि यापुढे देणार नाही. तिथं ती थांबली. पाटावरच्या दगडांकडं बघू लागली.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"सुदर्शनचं हाय. त्याचं शेवटचं वर्ष ना. दरडीच्या भिंतीचं मॉडेल पायजे त्याला."

मला आधी खरंच वाटेना. "त्यानं तुला सांगितलं करायला?"

"आला व्हता इथं. म्हणला, रत्ना, तुझ्याबिगर व्हत न्हाई."

"आणि तू हो म्हणालीस? त्यानं समितीपुढं तुला चोर ठरवलं, रत्ना."

"ठरवलं." ती खाली बघून बोलत होती. "पर त्या सत्राचं माझं समदं त्यानं लिवलं व्हतं सर. शिमग्याला घरी न जाता लिवलं. माझ्याकडच्या शेवटच्या शीटा काढायच्या आधीच मला काढली. त्यांचं काम माझ्या अंगावर तसंच ऱ्हायलं."

मी चिडलो. अगदी मर्यादा सोडून चिडलो. म्हटलं, फेकून दे तो पाट खाली दरीत. ती म्हणाली, फेकवत नाही. म्हटलं, बरं, कर पूर्ण, पण सही आज कर. कोण बघायला येतंय तळेघरला? सगळा देश असल्या हमीपत्रांवर सह्या करून बसलाय. माझ्यासारख्या मास्तरानं हे सांगावं लागावं याची लाज वाटत होती, तरी सांगितलं, आणि पुन्हा सांगितलं.

तिनं पेन घेतलं. कागद गुडघ्यावर धरला. अंबाबाई हिरडा सोडून बघत राहिली. मग रत्नानं पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडं दिला.

"हे असं हातात असताना न्हाई जमायचं सर. ह्यांचं पुरं व्हऊ द्या. सिमेंट भिजवायला, वाळवायला महिना जाईल. मंग मी कायबी लिहून देते."

"महिन्यानं दार बंद झालेलं असेल. कायमचं."

"दुसरं दार न्हाई का?"

मी नाही म्हणालो. ती रडली. मोठ्यानं नाही, पण आईनं जवळ येऊन पाठीवर हात ठेवला तरी थांबेना. आणि रडता रडताच तिनं एक दगड उचलून भिंतीवर बसवला, बसला नाही म्हणून काढला, फिरवून पुन्हा बसवला. मला तिथं उभं राहवेना. कागद खिशात घातला आणि निघालो.

हौशीराम मला वाटेत भेटला. तो खालच्या रानात पडकईला गेला होता, मी आल्याचं कळलं म्हणून पहार खांद्यावर घेऊनच वर आला. साठीकडं झुकलेला, बोलायला कमी. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं, सही राहिल्याचंही. तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "सर, येक इचारू? त्या वक्ताला साहेबांपुढं ती न्हाई म्हणली असती, मी काय लिवून घेतलं न्हाई, मला ठावं न्हाई, तर ऱ्हायली असती का कालेजात?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, पण त्याच्याकडं बघून जमलं नाही. "बहुतेक राहिली असती," मी म्हणालो. "निदान सगळ्यांना सारखी शिक्षा झाली असती. आणि सुदर्शनला शिक्षा होऊ दिली नसती कुणी, त्यामुळं हीही वाचली असती."

त्यानं पहार खाली टेकवली. दोन्ही हात तिच्यावर ठेवून तो उभा राहिला.

"मंग आमीच बुडवली तिला," हौशीराम म्हणाला. "कळायला लागल्यापासनं येकच शिकवलं. कुणी आपल्यासाठी केलेलं न्हाई म्हणायचं न्हाई."

मी म्हणालो, असं नका म्हणू, चूक तुमची नाही. त्याच्या कानापर्यंत ते पोचलं की नाही कोण जाणे. खालच्या रानातून माणसांनी त्याला हाक मारली, बांधाचा मोठा दगड हलवायचा होता आणि एक हात कमी पडत होता. तो पहार उचलून खाली गेला.